लिहिलेलं असेलही, पण वाचलं कुणी?

मुलीचं लग्न आईबापांनी ठरवलं की ते तिच्या नशिबात लिहिलेलं असतं. तिनं स्वतः ठरवलं की तो तिचा हट्ट असतो. घर मुसलमानाचं असो की हिंदूचं, फोंड्याच्या बाजारात असो की वाळपईच्या एखाद्या वाड्यावर, हा हिशेब मला सगळीकडे सारखाच दिसत आला आहे. मुलगा आखातात नोकरीला आहे, जमातीतला आहे, त्याच्या घरच्यांनी होकार कळवला आहे, मग ‘कपलार बरयल्लें चुकना’ हे वाक्य आजीपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी खेळू लागतं. मुलीनं कॉलेजात भेटलेल्या मुलाचं नाव घेतलं तर मात्र तेही कपाळावर लिहिलेलं असू शकेल, अशी शंकासुद्धा कुणाला येत नाही. त्या घटकेला ती एकदम पूर्ण स्वतंत्र, आपल्या कृत्याला सर्वस्वी जबाबदार अशी प्रौढ बाई होते. एरवी तिला एवढं स्वातंत्र्य कुणी दिलेलं नसतं.

इस्लाममध्ये लग्न आधीच लिहिलेलं असतं की माणसाच्या मर्जीवर असतं, हा प्रश्न विचारणारी मुसलमान मुलंमुली पुष्कळ भेटतात. त्यांना मिळणारी उत्तरं बहुधा गुळमुळीत असतात: थोडं लिहिलेलं, थोडं आपल्या हातात. माझं म्हणणं त्याहून सरळ आहे. तकदीर हा झालेल्या गोष्टीकडे बघण्याचा विश्वास आहे. व्हायच्या गोष्टीसाठी कुणावर दबाव आणायचं ते साधन नव्हे. हे मी बाहेरून आणलेलं नाही, इस्लामच्या मूळ आधारांतच ते स्पष्ट आहे. मी मुसलमान नाही, धर्मशास्त्रीही नाही. पण गोव्यात लग्नाचे आणि काडीमोडाचे कागद हाताळणाऱ्या वकिलाला हा प्रश्न टाळता येत नाही, कारण तो दर थोड्या दिवसांनी कुणाच्या तरी तोंडून टेबलावर येऊन पडतो.

आधी एक गोष्ट मान्य करू. तकदीर ही इस्लाममध्ये कुणीतरी मागाहून चिकटवलेली लोकसमजूत नाही. सुन्नी परंपरेत ईमानची, म्हणजे श्रद्धेची, जी सहा कलमं सांगतात, त्यांत भल्याबुऱ्या तकदिरीवरचा विश्वास हे एक आहे. आकाश आणि पृथ्वी निर्माण होण्याच्या पन्नास हजार वर्षं आधी अल्लाने सगळ्या सृष्टीची मोजमापं लिहून ठेवली, असं सहीह मुस्लिम या संग्रहातल्या हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या नोंदवलेल्या वचनात, येतं. दुसरी एक प्रसिद्ध हदीस गर्भाबद्दल आहे. चाळीस-चाळीस दिवसांचे तीन टप्पे झाल्यावर फरिश्ता येतो आणि चार गोष्टी लिहून जातो: माणसाची रोजी, त्याचं आयुष्य, त्याची कर्मं, आणि तो सुखी ठरणार की दुर्दैवी. आमच्याकडे बाळाच्या सहाव्या रात्री सटवी येऊन कपाळावर लिहिते, ती समजूत ज्यांच्या घरात आहे त्यांना हे फारसं परकं वाटू नये.

पण त्या यादीकडे जरा नीट बघा. रोजी, आयुष्य, कर्म, अंतिम गती. जोडीदाराचं नाव त्यात नाही. ‘जोड्या वर ठरतात’ हे वाक्य हदीस म्हणून सांगणारे पुष्कळ भेटतील, पण ते लोकांच्या बोलण्यातलं आहे. आता कुणी म्हणेल की सगळंच लिहिलेलं आहे तर जोडीदारही त्यात आलाच, वेगळं नाव कशाला हवं? बरोबर. उलेमा, म्हणजे धर्मपंडित, हेच म्हणतील, आणि त्यांच्याशी वाद घालायचं मला कारण नाही. मात्र मग ते ‘सगळंच’ खरोखर सगळंच धरावं लागेल. मुलीचा होकार लिहिलेला असेल तर तिचा नकारही लिहिलेला असेल. निकाह लिहिलेला असेल तर खुला, म्हणजे बायकोनं मागितलेला काडीमोडही. ज्या वाक्यानं होकार आणि नकार दोन्ही सिद्ध होतात, ते वाक्य कुठल्याच बाजूचा पुरावा ठरत नाही. कोर्टात असा पुरावा कुणी पुढे केला तर न्यायाधीश वर न बघताच पुढचा मुद्दा म्हणतील.

हा गुंता पैगंबरांच्या सोबत्यांनाही पडला होता. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस-संग्राहकांनी नोंदवलेला प्रसंग आहे. मदिनेच्या बकी दफनभूमीत कुणाचा तरी दफनविधी चालला होता. पैगंबर येऊन बसले, हातात काठी होती, मान खाली घालून तिच्या टोकानं ते माती उकरू लागले. मग म्हणाले, तुमच्यातल्या प्रत्येकाची जागा, स्वर्गातली वा नरकातली, लिहून झालेली आहे. कुणीतरी लगेच विचारलं: तर मग आम्ही त्या लिहिलेल्यावरच विसंबून का राहू नये, करणं सोडून का देऊ नये? उत्तर आलं: करत राहा, ज्याला ज्यासाठी घडवलं त्याला ते सोपं केलं जातं. या उत्तरानं तत्त्वज्ञानाचा प्रश्न सुटत नाही, मला तरी तो सुटलेला दिसत नाही. पण वागायचं कसं हे सुटतं. लिहिलेलं आहे म्हणून हात जोडून बसण्याची परवानगी मागितली गेली, आणि ती नाकारली गेली.

दुसरा दाखला खलीफा उमर यांचा. सीरियाच्या वाटेवर सर्ग नावाच्या ठिकाणी त्यांना खबर लागली की पुढे प्लेग पसरला आहे. सल्लामसलत झाली आणि त्यांनी परत फिरायचं ठरवलं. अबू उबैदा हे सेनापती, पैगंबरांच्या अगदी जवळच्या सोबत्यांपैकी. त्यांनी टोकलं: अल्लाच्या तकदिरीपासून पळता आहात काय? उमर म्हणाले, हे दुसरं कुणी बोललं असतं तर समजलो असतो. होय, आम्ही अल्लाच्या एका तकदिरीकडून अल्लाच्याच दुसऱ्या तकदिरीकडे पळतो आहोत. आणि पुढे विचारलं की, खोऱ्याची एक बाजू हिरवी आणि दुसरी उजाड असली, तर उंट हिरव्या बाजूला चारले काय आणि उजाड बाजूला चारले काय, दोन्ही अल्लाच्या तकदिरीनंच ना? अबू उबैदा पुढे त्याच साथीत गेले. मला या गोष्टीत नेहमी एक जाणवतं: तकदिरीचा हवाला देणारा माणूस भित्रा किंवा ढोंगी नव्हता, अत्यंत सच्चा होता. तरीही निर्णय घेण्याच्या क्षणी त्याचा मुद्दा चुकीच्या जागी होता.

मग तकदीर आहे कशासाठी? कुरआन हे स्वतःच सांगतं, आणि इतक्या स्पष्टपणे की या आयती आपल्या वादांत इतक्या कमी का ऐकू येतात याचं नवल वाटतं. सूरह हदीदमध्ये (57:22-23) म्हटलं आहे की पृथ्वीवर किंवा तुमच्यावर येणारं कुठलंही संकट ते घडण्याआधीच एका ग्रंथात नोंदलेलं असतं. आणि हे का सांगितलं, तर जे हातचं गेलं त्याचा शोक करू नये आणि जे मिळालं त्यानं माजू नये. म्हणजे लिहिण्याचा हेतू लिहिणाऱ्यानंच सांगून ठेवला: झालेल्या गोष्टीनंतर मन थाऱ्यावर राहावं. घटस्फोट झालेली बाई, ज्याची सोयरीक ऐन वेळी मोडली तो मुलगा, नवरा गमावलेली तरुण विधवा, यांच्यासाठी ही ओळ म्हणजे खरा आधार आहे. मी तो पाहिला आहे. कोर्टाचा निकाल लागल्यावर माझ्यासमोर बसून ‘नशीब’ एवढाच शब्द बोलणारी आणि त्या शब्दाच्या जोरावर दुसऱ्या दिवशी कामाला जाणारी बाई पाहिली आहे. तिला कुणी इच्छास्वातंत्र्याचं व्याख्यान देऊ नये. पण तो शब्द तिचा होता, तिनं उच्चारलेला. तोच शब्द आधीच्या काही वर्षांत तिच्या सासरच्यांनी आणि माहेरच्यांनी तिला वारंवार ऐकवला होता: मार खाल्ला, नशीब, खर्चाला पैसे नाहीत, नशीब, परत जा, नशीब. शब्द एकच, पण कोण बोलतं आणि कधी, यावर तो दिलासा ठरतो की टाळं.

दुसऱ्याच्या कृत्याला तकदिरीची झूल घालणं कुरआनला मान्य नाही. सूरह अनआममध्ये (6:148) मूर्तिपूजकांची एक सबब येते: अल्लाची इच्छा असती तर आम्ही आणि आमच्या वाडवडिलांनी शिर्क (अल्लासोबत इतरांची भक्ती) केलाच नसता. ही सबब तिथेच फेटाळली आहे: तुमच्याजवळ काही ज्ञान आहे काय? असेल तर दाखवा. तुम्ही नुसत्या अटकळी बांधता. मुलीच्या बापाला, मामाला, मौलवीला विचारायचा प्रश्न नेमका हाच आहे. लिहिलेलं असेलही. तुम्ही ते वाचलं कुठे?

इथे एक जाणकार वाचक सूरह अहजाबकडे बोट दाखवेल. हजरत जैनब यांचा पैगंबरांशी झालेला विवाह अल्लाने स्वतः लावून दिला असं तिथे (33:37) म्हटलं आहे, मग विवाह वरून ठरतात हे सिद्ध होत नाही का? होतं, त्या एका विवाहापुरतं, आणि तेही वही, म्हणजे ईश्वरी संदेश, उतरून, कारणासह: मानलेल्या मुलानं सोडलेल्या बाईशी लग्न निषिद्ध नाही हा नियम घालून देण्यासाठी. शिवाय त्याआधी जैनब यांचा त्या मानलेल्या मुलाशी, झैद यांच्याशी झालेला निकाह पैगंबरांच्याच पुढाकाराचा होता आणि तो टिकला नाही. कुणी त्यांना तकदिरीच्या नावानं जखडून ठेवलं नाही. आज सांगे किंवा साखळीतल्या कुणा मुलीचं नाव घेऊन वही उतरत नाही. व्हॉट्सॲपवर बायोडाटा उतरतो.

सत्ताधाऱ्याला तकदीर आवडते, हे इस्लामच्या इतिहासानं फार लवकर पाहिलं. उमय्या राजवटीत, आमची सत्ता अल्लाच्या मर्जीनं आहे हा युक्तिवाद सोयीचा होता. माणूस आपल्या कृत्यांचा कर्ता आहे असं सांगणाऱ्या मअबद अल-जुहनी आणि पुढे गैलान दमिश्की यांना जिवाला मुकावं लागलं. नंतरच्या शतकांत वाद विद्वानांच्या हाती गेला. मुअतझिला पंथाचे विद्वान म्हणाले की माणूस स्वतंत्र नसेल तर अल्लाचा न्याय उरत नाही. अशअरी पंथानं मधली वाट काढली: कृत्य अल्ला निर्माण करतो, माणूस ते कमावतो. ही कल्पना इतकी निसटती आहे की ‘अशअरींच्या कमाईहून सूक्ष्म’ असं अरबीत म्हणण्याची पद्धतच पडली. मातुरीदी पंथानं माणसाच्या निवडीला जरा जास्त जागा दिली. शिया परंपरेत इमाम जाफर सादिक यांच्या नावावर सांगितलं जातं की ना पूर्ण सक्ती, ना पूर्ण मोकळीक, दोहोंच्या मधलं काही. एवढ्या मोठ्या बुद्धीच्या माणसांना जे शेवटपर्यंत नीट जुळवता आलं नाही, ते आपल्याकडे सोयरिकीच्या बैठकीत चहा निवायच्या आत जुळवलं जातं.

या सगळ्या वादात एक गोष्ट मात्र कुठल्याच पंथानं वादात टाकली नाही. निकाह हा करार आहे. एका बाजूचा प्रस्ताव, दुसऱ्या बाजूचा स्वीकार, आणि मेहर, म्हणजे नवऱ्यानं बायकोला द्यायचं धन. ज्याला नकार देताच येत नाही त्याच्या स्वीकाराला करारात काही अर्थ राहत नाही, हे फिकहच्या, म्हणजे इस्लामी कायदाशास्त्राच्या, कुठल्याही विद्यार्थ्याला कळतं. बापानं मर्जीविरुद्ध लग्न लावून दिलेली खनसा बिन्त खिदाम पैगंबरांकडे आली, तेव्हा तो निकाह रद्द ठरवण्यात आला. हे बुखारीत आहे. साबित इब्न कैस यांची पत्नी आली. नवऱ्याच्या धर्माला किंवा स्वभावाला मी नावं ठेवत नाही, पण त्याच्यासोबत मला राहवणार नाही, असं म्हणाली. मेहर म्हणून मिळालेली बाग परत कर, असं तिला सांगितलं गेलं आणि नवऱ्याला तिला मोकळं करायला. सब्र कर, हेच लिहिलं होतं, असं कुणी तिला म्हटलं नाही.

आणि बरीरा. ही गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, म्हणून जरा थांबून सांगतो. बरीरा गुलाम होती, पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांनी तिला मुक्त केलं. मुक्त झालेल्या बाईला गुलामीतल्या लग्नात राहायचं की नाही हे ठरवण्याचा हक्क मिळे. नवरा मुगीस अजून गुलामच. तिनं त्याला सोडायचं ठरवलं. मुगीस मदिनेच्या गल्ल्यांतून तिच्या मागे मागे फिरे, रडे, आसवं दाढीवरून ओघळत. हे पाहणारे इब्न अब्बास म्हणतात, तो अजून मला डोळ्यांसमोर दिसतो. पैगंबरांना त्याची दया आली. ते बरीराला म्हणाले, तू त्याच्याकडे परत गेलीस तर? तिनं विचारलं: हा आपला हुकूम आहे काय? ते म्हणाले, नाही, मी फक्त शिफारस करतो. ती म्हणाली, मग मला त्याची गरज नाही. आणि विषय तिथे संपला.

कालपर्यंत गुलाम असलेली एक बाई, समोर साक्षात पैगंबर, बाजूला प्रेमानं वेडा झालेला नवरा. भावनेचा, प्रतिष्ठेचा, धर्माचा, सगळा भार एका पारड्यात. तिनं हुकूम आणि शिफारस यांतला फरक विचारला, तो तिला खरा सांगितला गेला, आणि तिच्या उत्तराला मान दिला गेला. आपल्याकडे कुठल्या मुलीला हा फरक विचारता येतो? बापाच्या तोंडून आलेली शिफारसही हुकमाच्या स्वरात येते, आणि त्यावर ‘नशीब’ लावलं की तिच्यावर ईश्वरी शिक्का बसतो.

एक अडचण झाकून ठेवणं मात्र प्रामाणिकपणाचं होणार नाही. कोकण किनाऱ्यावरचे मुसलमान बहुतेक शाफई. घाटावरून आलेले बहुतेक हनफी. हे सुन्नी धर्मकायद्याचे दोन पंथ. हनफी मताप्रमाणे सज्ञान मुलीची संमती हवीच, आणि ती आपला निकाह स्वतः करू शकते. शाफई मतात वलीशिवाय, म्हणजे मुलीच्या बापासारख्या पालकाशिवाय, निकाह नाही. इतकंच नव्हे, जुन्या शाफई ग्रंथांनी बापाला कुमारिकेचं लग्न तिच्या संमतीविना लावण्याचा अधिकारही दिलेला आहे, संमती घेणं चांगलं असं म्हणत. मला तो अधिकार पटत नाही, आणि इब्न तैमियांसारख्या पुराणमताच्या विद्वानालाही सज्ञान मुलीच्या बाबतीत तो पटला नव्हता. पण बघा, ज्यांनी तो दिला त्यांनीही तो कशाच्या बळावर दिला? बाप मुलीचं भलं जाणतो, या गृहीतावर. आणि म्हणूनच अटी घातल्या: वर तोलामोलाचा हवा, बापलेकीत वैर नको. ही सगळी माणसाच्या विवेकाची भाषा आहे. ‘तकदिरीत आहे म्हणून’ हे कारण त्यांनीही पुढे केलं नाही. ते पुढे करायला आपला काळ उजाडावा लागला.

इस्तिखाराबद्दलही हेच. निर्णय घेण्याआधी दोन रकात नमाज आणि एक दुआ, एवढाच तो विधी. दुआचा मथितार्थ असा: हे काम माझ्यासाठी चांगलं असेल तर ते माझ्या वाट्याला घाल आणि सोपं कर, वाईट असेल तर ते माझ्यापासून वळव आणि मला त्यापासून वळव. काम अजून व्हायचं आहे, माणूस अजून उंबरठ्यावर आहे, असं धरूनच ही प्रार्थना केली जाते. त्यात स्वप्नाचा उल्लेख नाही, हिरव्या-पांढऱ्या रंगाच्या खुणांचा नाही, आणि ज्याचं लग्न आहे त्याच्या जागी दुसऱ्यानं पैसे घेऊन करण्याचा तर मुळीच नाही. प्रत्यक्षात ‘इस्तिखारा आला नाही’ हे नको असलेली सोयरीक शिष्टाईनं परतवण्याचं वाक्य होऊन बसलं आहे. आमच्या हिंदूंनी यावर हसू नये. देवाच्या अंगावर पाकळ्या लावून प्रसाद घेणं ही आपल्या गोव्यातली जिवंत चाल आहे. उजवी पडली की डावी, यावर मुलींची लग्नं ठरलेली आणि मोडलेली आहेत. ‘देवाचो प्रसाद येना’ असं सांगणाऱ्यांपैकी किती जणांनी देवळाची पायरी चढली होती, देव जाणे. छत्तीस गुणांची पत्रिका तर छापील मिळते. फरक एवढाच की इस्तिखारा कुणाला करायचा हे तिथे पक्कं सांगितलेलं आहे: ज्याचा निर्णय, त्यानंच.

गोव्याची गंमत अशी की इथे हा प्रश्न मशिदीत सुटो न सुटो, सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत तो दोनदा विचारला जातो. 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा आणि 25 डिसेंबर 1910 चा विवाहाचा हुकूमनामा 1961 च्या मुक्तीनंतरही चालू राहिले. 1937 चा शरियत कायदा इथे लागू नाही. त्या 1910 च्या हुकूमनाम्यानं विवाहाची व्याख्या करार अशीच केली. लिस्बनमध्ये नुकतेच सत्तेवर आलेले, चर्चच्या नावानं बोटं मोडणारे प्रजासत्ताकवादी आणि अरबस्तानातले फकीह (धर्मकायद्याचे पंडित), यांचं दुसऱ्या कशावर पटलं असतं असं वाटत नाही, पण लग्न हा करार आहे यावर त्यांचं एकमत होतं. म्हणून पहिली सही, मग नोटीस, हरकतींची मुदत, आणि मग दुसरी सही. नोंदणी झालेल्या मुसलमान पुरुषाला इथे दुसरं लग्न करता येत नाही आणि तोंडी तलाकही चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर 2019 मध्ये जोझे पावलो कुतिन्यो खटल्यात नोंदवून गोव्याचं कौतुक केलं. तेव्हापासून समान नागरी कायद्याच्या प्रत्येक चर्चेत गोव्याचा फोटो लावला जातो. 2011 च्या जनगणनेत गोव्यातले मुसलमान 8.33 टक्के, सव्वा लाखाच्या आत-बाहेर. त्यांना कुणी विचारून हा फोटो काढलेला नाही, आणि त्याच कायद्यांच्या गठ्ठ्यात 1880 चा एक हुकूमनामा होता ज्यानं मूल न होणाऱ्या हिंदूला दुसऱ्या बायकोची वाट ठेवली होती, हे फोटोत येत नाही. असो.

त्या कचेरीचं एक टोक मला परिचयाचं आहे. लाकडी टेबल, जाडजूड पुस्तक, जन्माच्या आणि रहिवासाच्या दाखल्यांच्या झेरॉक्स, दोन्हीकडचे साक्षीदार, बाहेर स्कूटरवर बसलेला भाऊ. मुलगी पेन घेते, सही कुठे करायची हे कारकून बोटानं दाखवतो, ती करते. कुणी तिला ‘तुझ्या मनात आहे ना?’ असं विचारत नाही. कायद्यानं सही मागितली, मन नाही. निकाहाच्या दिवशीही तसंच. वली आणि साक्षीदार बायकांच्या खोलीत जातात, मुलाचं नाव आणि मेहरची रक्कम सांगून कबूल आहे का विचारतात. जरीच्या ओढणीखाली मान खाली. चार क्षण शांतता झाली की मागून एखादी खाला कोपरानं ढोसते, ‘बोल गे’. कुमारिकेचं मौन हीच संमती, असं हदीसमध्ये आहे खरं. लाजून गप्प बसणाऱ्या मुलीची सोय म्हणून ते सांगितलं गेलं. शंभर माणसांच्या जेवणाची बिर्याणी दमाला लागलेली असताना गप्प बसलेल्या मुलीला ते लावणं हा निव्वळ आडमुठेपणा आहे.

शिवाय पुष्कळ घरांत दोन्ही सह्या निकाहाच्या कितीतरी महिने आधी उरकून घेतात, व्हिसाच्या कागदांसाठी किंवा मुलाची रजा जुळावी म्हणून. मधल्या काळात फोनवर बोलणं होतं, स्वभाव कळतात, आणि कधी कधी जमत नाही. घरच्यांच्या मते लग्न अजून झालंच नाही. कायद्याच्या मते ते नवराबायको झाले. मग कोर्ट. आणि एकदा कोर्टाची पायरी दिसली की तडजोड सुचवायला तकदीर पुन्हा दारात. ज्या घरानं जमिनीचा एक-चौदाचा उतारा चार वेळा तपासून घेतला, त्या घराला मुलाची चौकशी मात्र अल्लावर सोडावीशी वाटली होती. पैगंबरांनी आपले सोबती मुगीरा इब्न शुअबांना मुलगी आधी बघून घे, त्यानं तुमचं जमण्याची शक्यता वाढते, असं सांगितलं होतं. मुलीनं मुलाला बघण्याची मुभाही त्यातूनच येते.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांनाही थोडं. ‘लग्न म्हणजे निव्वळ माझी निवड’ असं म्हणणाऱ्यांचं मला हसू येतं. मुलगी कुठल्या घरात जन्मली, कुठल्या जमातीत, बाप बायणेला टपरी चालवतो की मस्कतला नोकरी करतो, तिचं शिक्षण दहावीला थांबलं की नाही, यावर तिच्यासमोर किती बायोडाटा येणार हे ठरतं. तिची निवड तीन फोटोंमधली असते. प्रेमात पडणाऱ्यांचीही निवड एका बसस्टॉपवर, एका ट्यूशन क्लासात झालेली असते, आणि तो क्लास कुणी निवडला होता? या अर्थानं तकदिरीचा विचार मला पूर्वग्रहमुक्त माणसाच्या शहाणपणाच्या जवळचा वाटतो. आपल्या हातात थोडंच आहे. पण जे थोडं आहे ते मुलीच्या हातून काढून घेण्यासाठी उरलेल्या सगळ्याचा हवाला देणं ही चोरी आहे.

जमातींनी, म्हणजे मशिदीभोवतीच्या समाजसंघटनांनी, करण्यासारखी एक गोष्ट आहे आणि तिला ना नवा कायदा लागतो, ना फतवा. पहिल्या सहीच्या आधी, निकाहाच्या दिवशी नव्हे, मुलीशी एकटीशी बोलावं. आई खोलीत नको, भाऊ दारात नको. बोलणारी बाई असावी. मुलींना कुरआन शिकवणाऱ्या बायका बहुतेक वस्त्यांत आहेत, त्यांच्यावर आईबापांचाही भरवसा असतो. तिनं बरीराची गोष्ट सांगावी आणि मग विचारावं. उत्तर ‘नाही’ आलं तर ते आईबापांना कळवायचं काम त्या बाईचं आणि जमातीच्या सदराचं (अध्यक्षाचं), मुलीचं नव्हे. लोक म्हणतील, अशानं सोयरिकी मोडतील. काही मोडतील. त्या मोडल्यावर घरात काय म्हणायचं, ते वाक्य तर सगळ्यांना आधीपासून पाठ आहे.